कर्नल अपडेटनंतर हार्डडिस्क स्लो झाली, दोष कर्नलचाच आहे हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या उबंटू मशीनवर कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) ५.४ वरून ५.१५ वर गेल्यापासून बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडायला वेळ लागतोय, डीडी या कमांडने १ जीबीची फाइल लिहून बघितली तर आधी सेकंदाला ९०० एमबी यायचे ते आता ४०० येतायत, आणि आता गिट बायसेक्ट, म्हणजे कर्नलमधले बदल अर्धे-अर्धे करत बिघडवणारा बदल शोधणं, करायला बसू का. नका बसू, निदान आज तरी नको.

आधी तो डीडीचा आकडा बाजूला ठेवा. तुमची डिस्क ७२०० आरपीएमची साधी सॅटा आहे म्हणता, मग ती ९०० एमबी देऊच शकत नाही, २०० च्या आसपास गेली तरी खूप झालं. तो आकडा रॅमचा आहे. डीडी जे लिहितं ते आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्येच, पडतं आणि डिस्कवर नंतर सावकाश उतरतं, डीफॉल्टला वापरता येण्यासारख्या मेमरीच्या १० टक्के डर्टी, म्हणजे डिस्कवर उतरायची बाकी असलेली, झाली की कर्नल मागून लिहायला घेतो आणि २० टक्क्यांना लिहिणाऱ्यालाच अडवतो, तुमच्या १६ जीबी रॅममध्ये १ जीबी आरामात मावते. म्हणजे ९०० काय नि ४०० काय, डिस्क त्यात आलीच नाही. निदान शेवटी कॉन्व्ह=एफडेटासिंक लावा, म्हणजे डेटा डिस्कवर उतरेपर्यंत डीडी थांबेल, मग खरं काय ते कळेल. पण बिल उघडायला वेळ लागतोय ही तक्रार मात्र खरी आहे, तीच धरून चला.

माझाच अनुभव सांगतो. मी मुलुंडला राहतो आणि फोर्टमधल्या एका सीए फर्मचं सिस्टिमचं काम बघतो. तिथला फाइल सर्व्हर मी ४.१५ वरून ५.४ वर नेला आणि दुसऱ्याच दिवसापासून दुपारी तीननंतर फोन सुरू, फाइल उघडत नाही, एक्सेल अडकलंय, ऑडिटचा सीझन म्हणजे लोकांना श्वास घ्यायला वेळ नसतो त्यात हे. मी जुना कर्नल ग्रबमधून, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मेनूमधून, बूट केला, फायो हे डिस्कचा स्पीड मोजायचं टूल चालवलं, नवा बूट केला, परत चालवलं, आकडे जवळजवळ सारखे. सिक्वेन्शियल (सलग वाचणं) सारखं, ४के रँडम रीड (इकडचे-तिकडचे ४ केबीचे तुकडे वाचणं) सारखं. दोन दिवस मी हेच करत बसलो होतो आणि लोकांना सांगत होतो की डिस्क ठीक आहे, आणि लोक म्हणत होते की नाही, आणि बरोबर तेच होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता तिथेच बसून आयओस्टॅट -एक्स १ लावून ठेवलं, ते दर सेकंदाला डिस्कची स्थिती दाखवतं. सकाळी आर-अवेट, म्हणजे एका रीडला सरासरी लागणारा वेळ, १२ मिलिसेकंदांच्या आसपास असायचं, ७२०० च्या डिस्कला ते ठीकच आहे कारण एक फेराच ८.३३ मिलिसेकंदांचा, त्यात हेड हलायचा वेळ वेगळा. तीन वाजले आणि ते २०० च्या वर गेलं. तीनला काय सुरू होतं तर बॅकअपसाठी फाइली कॉपी करणारं आरसिंक. ते आम्ही आयओनाइस (डिस्कवर कोणाचं काम आधी, कोणाचं नंतर हे सांगणारी कमांड) -सी३ लावून चालवायचो, म्हणजे आयडल क्लास, डिस्क रिकामी असेल तेव्हाच तू घे. जुन्या कर्नलवर वर्षानुवर्षं ते निमूट बाजूला उभं राहायचं, नव्यावर सरळ सगळ्यांच्या बरोबरीने रांगेत घुसत होतं.

कारण असं की आयओनाइस हा फक्त शब्द टाकणं आहे, तो पाळायचा की नाही ते आयओ शेड्युलर, म्हणजे डिस्कच्या कामांची रांग लावणारा कर्नलचा भाग, ठरवतो. ४.१५ वर आमच्या डिस्कला सीएफक्यू नावाचा शेड्युलर होता, तो पाळायचा. मार्च २०१९ च्या ५.० मध्ये जुना सिंगल क्यू ब्लॉक लेयर (कर्नलचा डिस्कशी बोलणारा थर) काढून टाकला, त्याच्याबरोबर सीएफक्यूही गेला, आणि आमच्या डिस्कला आपोआप एमक्यू-डेडलाइन लागला, ज्याला ५.१४ येईपर्यंत प्रायॉरिटी हा प्रकारच माहीत नव्हता. डिस्कचा स्पीड तोच, पण आधी कोणाचं काम करायचं हे बदललं, म्हणून एकट्याने चालवलेल्या फायोला काही दिसलं नाही. मग बीएफक्यू या प्रायॉरिटी पाळणाऱ्या शेड्युलरचं मॉड्युल लोड केलं, शेड्युलरच्या फाइलमध्ये बीएफक्यू लिहिलं, रिबूटनंतरही टिकावं म्हणून युडेव्हचा रूल टाकला, आणि दुपारचे फोन बंद झाले.

आता तुमच्याकडे ५.१५ आहे, म्हणजे एमक्यू-डेडलाइन आता प्रायॉरिटी बघतो, आणि त्यामुळे तुमच्याकडे उलटंही झालेलं असू शकतं. कोणीतरी कधीकाळी बिलिंगच्या डेटाबेसला किंवा त्याच्या सर्व्हिसला आयडल क्लास लावून ठेवला असेल तर ५.४ वर त्याचा काही परिणाम नव्हता आणि आता ती बिचारी खरंच थांबत असेल. आयओनाइस -पी आणि प्रोसेसचा नंबर, एवढ्याने कळतं, आधी हे बघा.

मग दोन्ही कर्नल आळीपाळीने बूट करून कर्नल रांगेची सेटिंग्ज जिथे दाखवतो त्या डिस्कच्या क्यू फोल्डरमधल्या फाइली एकमेकांशी ताडून बघा, शेड्युलर, रीड-अहेड (पुढचं आधीच वाचून ठेवणं), एनआर-रिक्वेस्ट्स (रांगेत किती कामं मावतात) आणि डब्ल्यूबीटीची (मागून होणाऱ्या लिखाणाला आवर घालणारी सोय) ती लेटन्सीची फाइल. सॅटाला क्यू डेप्थ (डिस्क एका वेळी किती कामं घेते ते) ३२ ची १ झालीय का तेही बघा, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) लिंक ६ गिगाबिटची ३ वर उतरलीय का तेही, आणि स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, १९९ नंबरचा सीआरसी काउंट (येता-जाता डेटा बिघडल्याची मोजणी) वाढत असेल तर कर्नलला सोडा आणि केबल बदला. मेल्टडाउन-स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटींच्या पॅचमुळे स्लो झालं असं कोणी ना कोणी सांगेलच, २०१८ पासून सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागणं) महाग झाले हे खरं, पण ते एनव्हीएमईसारख्या वेगवान एसएसडीवर छोट्या रीडमध्ये जाणवतं, जिथे एकेका रीडला दहा मिलिसेकंद जातात तिथे नाही. आणि आयओस्टॅटचं युटिल (डिस्क किती टक्के वेळ कामात होती तो आकडा) ५.० च्या आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून कधी बघू नका, तिथे मोजायची पद्धतच बदलून ढोबळ केलीय.

टेस्ट घेताना फायोला डायरेक्ट=१ द्या म्हणजे पेज कॅश मध्ये येणार नाही, फाइल दोन्ही वेळा तीच ठेवा, नवीन बनवू नका, कारण हार्डडिस्कच्या बाहेरच्या ट्रॅकवर जो स्पीड मिळतो तो आत जाता जाता जवळपास निम्मा होतो, आणि नवी फाइल कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. दोन जॉब एकत्र चालवा, एक ४के रँडम रीड आणि मागे एक मोठं सिक्वेन्शियल, म्हणजे तुमच्या ऑफिसात जे चालतं तसं. सरासरी बघू नका, ९९ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले ९९ रीड जेवढ्या वेळात होतात तो आकडा, बघा, माणूस वैतागतो तो त्या अडकलेल्या रीडला. प्रत्येक कर्नलवर पाच वेळा, आणि शक्यतो दिवसाच्या त्याच वेळेला, आपल्याकडे मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला की सकाळचं आणि दुपारचं मशीन वेगळंच असतं.

एवढं सगळं सारखं करूनही फरक उरला तर मग बायसेक्ट जरूर करा. पण ५.४ ते ५.१५ सरळ सुरू केलंत तर १७-१८ वेळा कर्नल बिल्ड करावा लागेल. त्यापेक्षा उबंटूचे तयार मेनलाइन (मूळ, उबंटूचे बदल न केलेले) कर्नल मिळतात, ५.१० टाका, मग ५.१२ किंवा ५.७, चार बूटमध्ये कोणत्या रिलीजमध्ये बिघडलं ते कळतं, मग त्या एका रिलीजमध्ये १४ पायऱ्या राहतात, आणि लोकलमॉडकॉन्फिग वापरलंत, म्हणजे तुमच्या मशीनला लागतात तेवढीच मॉड्युलं घेतलीत, तर बिल्डही लवकर होतो. एक मात्र सांभाळा, पाच रनमधला आपसातला फरकच १५ टक्के असेल आणि शोधताय ते १० टक्के, तर बायसेक्ट हमखास चुकीच्या कमिटवर (बदलावर) नेऊन सोडेल आणि तुम्ही कोणा भलत्याच माणसाला मेल कराल.

शेड्युलरची फाइल दोन्ही कर्नलवर काय दाखवते आणि बिलिंगच्या प्रोसेसचा आयओनाइस काय येतो, या दोनच गोष्टी आधी इथे टाका. रात्री ट्रेनमध्ये बसलो की बघतो.