पासवर्ड ७ महिन्यांपूर्वी बदलला. कोणी?

"मला डिमेन्शिया झालाय का, तेवढंच सांगा," असं म्हणत विसरभोळेपणाची तक्रार घेऊन आलेलं कुणी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलं की पुढचं वाक्य हल्ली बहुतेकदा पासवर्डचं असतं. पूर्वी किल्ल्या असायच्या, चष्मा असायचा, गॅस बंद केला की नाही ही हुरहुर असायची. आता साठीपुढची मंडळी ई-मेलचा पासवर्ड आठवेना झाला की थेट शेवटच्या पानावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, पोचतात. त्यातलीच ही एक केस. सांगायला काका-काकूंची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका नाशिकरोडचे, वय ६६. सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये ३१ वर्षं काढलेली. मार्चमधली दुपार होती. काकू सोबत होत्या. काका बोलायच्या आधीच काकूंनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे बघा ताई, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हे चालतं."

मी वही उघडली. पट्टीनं आखलेले रकाने. अनुक्रमांक, तारीख, वेळ, काय टाकलं, निकाल, शेरा. एकूण ४७ नोंदी. निकालाच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच शब्द, 'बाद'. संक्रांतीला गच्चीवर नातवासाठी आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरून उभे असताना काकांचा फोन खिशातून निसटला आणि थेट खाली पार्किंगमध्ये पडला. मुलानं नवा फोन घेऊन दिला. नव्या फोननं ई-मेलचा पासवर्ड मागितला, आणि तिथून ही वही सुरू झाली. मेडिक्लेमचं रिन्युअल, म्युच्युअल फंडांची स्टेटमेंटं, नातवाचे पहिल्या वाढदिवसापासूनचे फोटो, सगळं त्या एका खात्यात.

'काय टाकलं' हा रकाना मी हातानं झाकूनच वाचत होते. काका म्हणाले, "वाचा हो, त्यात काही राहिलं नाही आता." मूळ शब्द देवीचा होता, सप्तशृंगी, आणि पुढे एक आकडा. आता तो कुठेच वापरात नाही म्हणून इथे लिहिते. पण हा शब्द इंग्रजी अक्षरांत कसा लिहायचा? 'प्त'मध्ये 'ए' घालायचा की नाही, 'शृं'ला 'आर'पुढे 'यू' की 'आय', शेवटी एक 'आय' की दोन 'ई', पहिलं अक्षर मोठं की लहान. आपण मराठी माणसं देवाचं, गावाचं, पोराचं नाव पासवर्डला देतो. ते आपल्याला पाठ असतं, पण त्याचं स्पेलिंग कुणी शिकवलेलं नसतं, दर वेळी हाताला येईल ते टाकतो. काकांनी एकाच शब्दाची १९ रूपं करून पाहिली होती.

बोलताना त्यांचा उजवा हात टेबलावर हलत होता. मधली तीन बोटं, वर-खाली, ठरावीक लयीत. कॉम्प्युटरच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांची जी चौकट असते, तिच्यावर ३१ वर्षं चाललेली बोटं ती. पासवर्डमधला आकडा डोक्यात नव्हताच, बोटांत होता. "कीबोर्ड समोर असला की बरोबर पडतो," ते म्हणाले. खरंही होतं. मुलगा मागे आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपला जुना कीबोर्ड जोडून त्यांनी तो टाकून पाहिला होता. नोंद क्रमांक ३१. निकालात 'बाद', पण शेऱ्यात लाल शाईनं, खाली दोन रेघा ओढून लिहिलेलं होतं: 'पासवर्ड ७ महिन्यांपूर्वी बदलला असे दाखवते. कोणी?'

काकांची झोप उडाली ती इथे. जुना पासवर्ड बरोबर टाकला तर काही ई-मेल सेवा सांगतात, की हा खराच तुमचा होता, पण अमुक महिन्यांपूर्वी बदलला आहे. काकांपुढे दोनच शक्यता उरल्या. कुणीतरी खात्यात शिरलंय, नाहीतर आपणच बदललाय आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही. पहिलीपेक्षा दुसरीची भीती त्यांना जास्त होती. त्यांचे थोरले बंधू शेवटची चार वर्षं घरच्यांना ओळखत नव्हते, हे काकूंनी मला नंतर, काका पाणी प्यायला गेले तेव्हा सांगितलं.

पासवर्ड काय असेल, हा प्रश्न त्यांना आतापर्यंत सगळ्यांनी विचारला होता. मी तो विचारला नाही. म्हटलं, "काका, ७ महिन्यांपूर्वी घरात काय चाललं होतं?"

त्यांनी बोटांवर मागे मोजलं. मार्च, फेब्रुवारी, जानेवारी... ऑगस्टवर बोट थांबलं आणि त्यांनी काकूंकडे पाहिलं.

काकूंची अँजिओप्लास्टी. तिसरा श्रावणी सोमवार. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेल्यांची रस्त्यावर गर्दी, रिक्षा मुंगीच्या पावलानं चाललेली, हे काकांना लख्ख आठवत होतं. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलानं कॅशलेसच्या मंजुरीची मेल उघडायला सांगितली. फोनची बॅटरी संपलेली. त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं, पण त्याच्या कीबोर्डला आकड्यांची ती चौकट नव्हती, पासवर्ड चुकत गेला. मागे रांग. मग चार्जिंगला लावलेल्या फोनवर एक खूण आली, 'हो' दाबलं, नवा पासवर्ड टाका म्हणाला. "टाकलं काहीतरी," काका म्हणाले. "काय टाकलं?" असं काकूंनी विचारलंच, सवयीनं. मी त्यांना हातानं थांबवलं.

त्या दिवशीचा चहाचा कागदी कप काकांना आठवत होता, त्या मुलाच्या मनगटावरचा लाल दोरा आठवत होता. पासवर्ड नाही. आणि यात आजार काही नाही. आठवण काढायची तर आधी ती नोंदवलेली असावी लागते आणि नोंद करायला लक्ष लागतं. त्या वेळी त्यांचं सगळं लक्ष लिफ्टच्या दाराकडे होतं. मी त्यांना त्यांच्याच भाषेत म्हटलं, "काका, व्हाउचरच बनलं नाही. लेजरमध्ये कुठून सापडणार?" त्यानंतर पाच महिने फोन आपोआप खातं उघडं ठेवत होता, त्यामुळे नवा पासवर्ड पुन्हा कधी टाकावाच लागला नाही. जो शब्द आयुष्यात एकदाच टाइप केला, तोही जीव टांगणीला लागलेला असताना, तो विसरला असं कसं म्हणायचं?

काका बराच वेळ वहीकडे बघत बसले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि लाल 'कोणी?'समोर लिहिलं, 'स्वतः.' खाली तारीख घातली.

आता डिमेन्शियाचं. पासवर्ड न आठवणं ही त्याची खूण नव्हे. पासवर्ड हा प्रकार कशासाठी असतो हेच कळेनासं होणं, रोजच्या वाटेवर चुकणं, तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारणं, जन्मभर केलेला हिशेब जमेनासा होणं आणि हे सगळं महिन्यागणिक वाढत जाणं, याकडे आम्ही बघतो. बऱ्याचदा ते त्या माणसाआधी घरच्यांना दिसतं. ४७ प्रयत्नांची तारीखवार खतावणी ठेवणारा माणूस माझ्यासमोर बसला होता. तरी मी त्यांना फिजिशियनकडे पाठवलंच, बी-१२ आणि थायरॉइड बघायला. साठीनंतर विसरभोळेपणाची तक्रार असली तर हे करावंच, नुसतं 'काही नाही हो, वय झालं' म्हणून परत पाठवू नये. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. त्याचा पासवर्डशी संबंध नव्हता, पण थकव्याशी असावा.

वहीतली मला खटकलेली दुसरी गोष्ट म्हणजे वेळेचा रकाना. जवळजवळ सगळ्या नोंदी रात्री ११ ते २ मधल्या. चिडलेल्या, घाबरलेल्या मेंदूला माहीत असलेलंही सापडत नाही, परीक्षेच्या हॉलमध्ये आपण सगळ्यांनी ते भोगलंय. त्यात चुकीचं उत्तर पुन्हापुन्हा उगाळलं की तेच पक्कं होतं. आणि यंत्रालाही मध्यरात्री एकामागून एक अंदाज मारणारा माणूस मालक वाटत नाही, चोर वाटतो. काही वेळासाठी ते दारच लावून घेतं. आम्ही ठरवलं, रात्री नऊनंतर प्रयत्न नाही. काकूंनी त्याच दिवशी वही गोदरेजच्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली.

मुलगा हिंजवडीत आयटीत. त्याच्याशी आम्ही एकदा व्हिडिओ कॉलवर बोललो. "मी ओरडलो नाही कधी," तो म्हणाला, "फक्त विचारलं, बाबा नीट आठवा." काकांनी वहीतून वाचायला सुरुवात केली. तिथल्या शेऱ्याच्या रकान्यात मधूनमधून असं होतं: 'चि.चा फोन. आवाज चढलेला.' 'चि.चा फोन. एवढं साधं, म्हणाला.' 'चि.चा फोन, उचलला नाही.' तारीखवार सात नोंदी. काकांनी त्या स्टॉक वाचून दाखवावा तशा सरळ आवाजात वाचल्या. पलीकडे मुलानं चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत राहिला.

त्यातून आणखी एक गंमत कळली. तो पुण्याहून, ऑफिसच्या लॅपटॉपवरून, स्वतःही रोज प्रयत्न करत होता. वडिलांना मदत म्हणूनच. गूगलचं उदाहरण घ्या, त्यांच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलेलं आहे की खातं परत मिळवताना नेहमीचं उपकरण, नेहमीचा ब्राउझर आणि नेहमीची जागा वापरा. नाशिकरोडच्या माणसाच्या खात्यावर हिंजवडीचा अनोळखी लॅपटॉप रोज धडका मारतोय म्हटल्यावर यंत्र काय समजेल? आयटीतल्या मुलाला हे माहीत नव्हतं असं नाही. वडिलांच्या बाबतीत सुचलं नाही, एवढंच.

खात्याला जोडलेला मोबाइल नंबर होता काकूंचा जुना, रिचार्ज न केल्यानं केव्हाच गेलेला. हे तर घरोघरी. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, म्हणजे तुमच्या खात्याचा ओटीपी उद्या परक्याच्या फोनवर वाजू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हल्ली विचारते, खात्याला कुठला नंबर जोडलाय? दहा मिनिटांचं काम असतं, आणि ते खातं उघडं असतानाच होतं. मधल्या काळात काकांनी इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधून एक नंबरही फिरवला होता. समोरचा गोड बोलत होता, एक अ‍ॅप उतरवून घ्या म्हणाला. काकू शेजारून म्हणाल्या, "तो एवढं फुकटात का करतोय?" फोन कट. पासवर्ड काढून देणाऱ्या अशा कुठल्याही बाहेरच्या सेवेशी आपला संबंध नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. ज्यांचे पैसे अशात गेलेत त्यांनी विचार करत न बसता सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावावा.

मी तंत्रज्ञ नाही. मी फक्त विचारलं, "जुना फोन कुठंय?"

काका म्हणाले, तो मेला. काकू म्हणाल्या, पणत्यांच्या डब्यात आहे, भांडीवालीला देणार होते पण ती स्टीलचं एक झाकणच द्यायला तयार होती. एम. जी. रोडवरच्या दुकानात कळलं की फोन जिवंत आहे, नुसता डिस्प्ले गेलाय. डिस्प्ले बदलल्यावर स्क्रीन उजळली आणि लॉकचा पॅटर्न मागितला. दुकानदारानं विचारलं, आठवतोय का? काका मला सांगताना हसले. "प्रश्न पुरा व्हायच्या आत बोट फिरलं होतं, ताई." आत खातं तसंच उघडं होतं. काउंटरवरच उभं राहून सेटिंगमधून नवा पासवर्ड केला आणि काकूंचा आत्ताचा नंबर जोडला.

नवा पासवर्ड कागदावर लिहावा का, यावर बापलेकांचं पुन्हा वाजलं. मी काकांच्या बाजूची. लिहा, फक्त कशाचा आहे ते शेजारी लिहू नका आणि तो कागद कपाटात ठेवा. नाशिकरोडच्या गोदरेजपर्यंत पोचणारा चोर तुमची मेल वाचायला आलेला नसणार. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि मधूनमधून बदला, हा जाच जगभर पसरला तो अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २००३ च्या कागदातून. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये निवृत्तीनंतर सांगितलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेनं ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायची सक्ती नको, असंही म्हटलं. हे ऐकून काका पहिल्यांदाच मनापासून हसले. "म्हणजे ज्यानं सर्क्युलर काढलं त्यालाच पटलं नाही. आमच्या कंपनीत असंच व्हायचं."

एप्रिलमध्ये ते शेवटचे आले ते जरा वैतागून. खात्यात ६१२ न वाचलेल्या मेल साचल्या होत्या. कामाच्या त्यातल्या नऊ. बाकी चपलांच्या, कर्जाच्या, कधीतरी एकदा तिकीट काढलेल्या बस कंपनीच्या जाहिराती. "यासाठी झोप घालवली मी," ते म्हणाले. आता रोज सकाळी चहानंतर एकेक जाहिरात बंद करायला बसतात. वहीत नवं पान आखलंय, रकाने तेच. निकालात आता 'बंद' लिहितात, आणि काकू म्हणाल्या, मेडिक्लेमचं रिन्युअल भरायचं मात्र अजून राहिलंय.