युद्धभूमीवरची पत्रे आणि त्यांतील मौन

प्रश्न : पहिल्या महायुद्धात ११० मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेल्या आमच्या पणजोबांची १९१५ मधील पाच पत्रे घरच्या पेटीत सापडली. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून ती वाचून घेतली, तर त्यांत बैलांची, विहिरीच्या पाण्याची आणि सावकाराच्या व्याजाची चौकशी आहे. लढाईचे अवाक्षरही नाही. शिवाय प्रत्येक पत्राचे अक्षर निराळे. ही पत्रे त्यांचीच असतील का? आणि नोव्हेंबरनंतर एकही पत्र का नसावे?

उत्तर : अक्षर निराळे असल्यामुळे पत्रे परकी ठरत नाहीत. त्या काळी अनेक शिपायांना लिहिता येत नसे. पलटणीत जो लिहिणारा मोकळा सापडेल त्याला ते मजकूर सांगत. गावीही ते पत्र कोणा लिहित्या-वाचत्या माणसाने घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. म्हणजे पत्नीसाठी सांगितलेले वाक्य वाटेत निदान दोन पुरुषांच्या तोंडून किंवा हातून जाई, आणि मनातले काही त्यात उरले असेल तर ते बैलांच्या आणि विहिरीच्या चौकशीतच शोधावे लागते. त्या चौकशीला आपण कोरडी समजू नये, असे मला कळकळीने वाटते. जो माणूस हजारो कोसांवरून विहिरीचे पाणी विचारतो, तो मनाने घरीच उभा असतो.

लढाईबद्दलचे मौन मात्र बरेचसे लादलेले होते. ठिकाण, हालचाली आणि हानी यांविषयी लिहिण्यास मनाई होती आणि पत्रे तपासली जात. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांच्या टपालासाठी तर स्वतंत्र तपासणी कार्यालयच होते. तिथे काढलेले पत्रांतील उतारे इंग्रजी भाषांतरात आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण मूळ शब्द बहुतेक हरवले. काही शिपाई हिंदी सैनिकांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ असे म्हणून संदेश पोहोचवत. तुमच्या पत्रांत पिकांविषयी एखादे विचित्र वाक्य असेल, तर ते पुन्हा वाचून पाहावे; तरीही प्रत्येक वाक्यात संकेत शोधण्याचा मोह टाळावा.

आता नोव्हेंबरनंतरच्या खंडाविषयी. ११० मराठा पलटण ब्रिटिश हिंदी सैन्याच्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफॉनची लढाई झाली, हे सैन्य माघारी टायग्रिस नदीकाठच्या कूत अल अमारा येथे आले आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांचा वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिक शरण गेले. त्यांत हिंदी सैनिक निम्म्याहून अधिक होते. वेढ्यातून बाहेरच्या जगाशी संपर्क मुख्यतः बिनतारी संदेशांनी होत असे, त्यामुळे पणजोबा तिथे असल्यास पत्र येणे शक्यच नव्हते. पुढे अनेक हिंदी युद्धकैद्यांना आजच्या सीरियातील रास अल ऐनला रेल्वेमार्गाच्या कामावर लावले गेले.

त्यांचे नेमके काय झाले, याचा माग काढण्यासाठी घरात पदक आहे का ते पाहावे. त्यावर नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते. पत्रांची पाकिटे असतील तर ती मुळीच टाकू नका, कारण गावाचे नाव लपवलेल्या पत्रावरही फील्ड पोस्ट ऑफिसचा (लष्करी टपाल कार्यालयाचा) क्रमांक आणि तारीख शिक्क्यात उरलेली असते. पत्रांना प्लास्टिकचे आवरण चिकटवू नये. आम्लमुक्त कागदात, घडी उलगडून, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावीत.