नवस, एकादशी आणि किडनीची वाट

पोरी,

बाबांना किडनी मिळू दे असं देवाला म्हणायचं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरात मरण येऊ दे असंच म्हणायचं ना, असं तू विचारलंस, आणि हल्ली देवासमोर हात जोडायलाच नको वाटतं म्हणालीस. आधी याचंच बोलू, बाकीचं नंतर.

तू कुणाचं मरण मागत नाहीस गं. हायवेवर ॲक्सिडेंट होतात, कुणाच्या मेंदूत रक्तस्राव होतो, ते तुझ्या प्रार्थनेनं होत नाही आणि तू प्रार्थना थांबवलीस म्हणून थांबणारही नाही. ब्रेन डेड ठरवायला चार डॉक्टरांचं पॅनेल असतं, ते एकदा तपासतं, किमान सहा तासांनी परत तपासतं, दोन्ही वेळा पक्कं झाल्याशिवाय कुणी अवयवाला हात लावत नाही. आणि मग ज्यांच्यावर आभाळ कोसळलंय ती माणसं, आयसीयूच्या बाहेर उभी असलेली, हो म्हणतात किंवा नाही म्हणतात. मागायचंच असेल तर त्या माणसांसाठी माग, त्यांना बळ दे म्हण. आमच्या ह्यांच्या वेळी मी हेच म्हणायचे, नुसतं देवघरात बसून नाही, भांडी घासताना सुद्धा. ती किडनी कुणाची ते आम्हाला आजवर माहीत नाही, सांगतही नाहीत, पण संध्याकाळी दिवा लावला की एक नमस्कार त्या घरासाठी वेगळा असतो.

आता आईचं. ती औदुंबरला अनवाणी जाते, पालीच्या खंडोबाला नवस बोललीय, मिरजेच्या दर्ग्यात पण चादर चढवून आली, याचा तुला राग येतो ते कळतंय मला. नवसानं यादीतला नंबर वर सरकत नाही हे तुझं खरंच आहे, हॉस्पिटलनं पुण्याच्या झेडटीसीसीला, म्हणजे अवयवांची वाट बघणाऱ्यांची यादी सांभाळणाऱ्या संस्थेकडे, नाव नोंदवलं की तिथं ब्लड ग्रुप, डायलिसिसवर किती काळ काढला असल्या गोष्टी बघतात, देवाची चिठ्ठी तिथं चालत नाही. पण म्हणून आईशी भांडू नकोस. बाबा चार-चार तास मशीनवर पडलेले असतात, तू फाईल घेऊन पळत असतेस, तिच्या हाताला काय काम आहे सांग? नवस हे तिनं स्वतःसाठी शोधलेलं काम आहे, ते काढून घेतलंस तर ती नुसती भिंतीकडं बघत बसेल. जाऊ दे तिला, जमलं तर गाडीवर सोडून ये.

फक्त एका ठिकाणी अजिबात ऐकायचं नाही, बाबांच्या ताटात आणि पेल्यात. तू लिहिलंस की ते अजून एकादशी धरतात. अगं आपल्या उपवासाचं ताट बघ की, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, वर केळं, आणि कुणीतरी मायेनं आणलेलं शहाळं, सगळं पोटॅशियमनं भरलेलं, आणि किडनी बंद असलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम वाढलं तर हार्ट बंद पडू शकतं, हे मी घाबरवायला नाही सांगत, हे असंच आहे. तीर्थ घेतलं तरी ते दिवसाच्या पाण्याच्या मापात मोजायचं. अंगारा कपाळाला लावा, पाण्यात कालवून पाजायचा नाही. आणि कुणी पाहुणा औषधी भस्माची पुडी घेऊन आला तर हातात घेऊन ठेवून द्या, पोटात जाऊ देऊ नका, त्यात काय धातू असतात देव जाणे, आणि उद्या ट्रान्सप्लांट झाल्यावर तर असलं काहीही चालणार नाही, तेव्हा गोळ्या घड्याळ लावून घ्याव्या लागतात आणि गर्दीपासून, कच्च्या दुधाच्या पंचामृतापासून पण जपावं लागतं. बाबा वारकरी आहेत ना, मग त्यांना तुझ्यापेक्षा त्यांच्या दिंडीतल्या एखाद्या जुन्या माळकऱ्याकडून सांगायला लाव की आजाऱ्याला उपवास माफ असतो. तुझं ऐकणार नाहीत, त्यांचं ऐकतील.

अजून एक, कारण हे बहुतेक घरांवर येतं आणि आधी कुणी सांगत नाही. कधीतरी फोन येईल, तुम्ही रात्रीच गाडी काढून कराड, सातारा करत पुण्याला पोचाल, आणि तिथं सांगतील की तुम्ही राखीव होता, पहिल्याचं मॅच झालं, किंवा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली, म्हणजे बाबांच्या रक्तात त्या किडनीविरुद्ध आधीच अँटिबॉडी आहेत आणि बसवली तर शरीर ती नाकारेल. आम्ही असेच परत आलो होतो. येताना खंबाटकी उतरेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही, आणि घरी आल्यावर एक नातेवाईक म्हणाल्या, श्रद्धा कुठंतरी कमी पडली तुमची. हे वाक्य तुमच्या घरात कुणालाच म्हणू देऊ नकोस. नळीतल्या रक्ताच्या टेस्टला श्रद्धेची परीक्षा म्हणणाऱ्याला चहा दे आणि विषय बदल.

आणि ते श्रावणबाळाचं उदाहरण देणारे. मुलीनं का नाही दिली किडनी म्हणून विचारतात म्हणालीस. द्यायची का नाही हा तुझा निर्णय, डोनरला एकटं बसवून विचारतात आणि तिथं नाही म्हणता येतं, आणि इथं तर बाबाच तुझी घ्यायला तयार नाहीत. त्या माणसाची इच्छा पण इच्छाच आहे की.

तुझी आजी देह अख्खाच गेला पाहिजे म्हणते, नाहीतर पुढच्या जन्मी अवयव नसतो, आणि तीच रोज लेकासाठी किडनी मागते, हे तुला खुपतंय. वाद घालू नकोस. एखाद्या दुपारी तिच्याजवळ बसून फक्त विचार, ज्यांच्या घरातून आपल्याला किडनी येईल त्यांनी पण असाच विचार केला तर? आणि मग गप्प बस, तिचं तिला उत्तर देऊ दे, वेळ लागला तरी.

आता कामाचं. तुझा, आईचा आणि शेजारच्या एकाचा असे तीन नंबर हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरकडे आहेत का बघ आणि रात्री फोन सायलेंट नको. गाडी कोणाची, ड्रायव्हर कोण हे आत्ताच ठरव. ऑपरेशनचा खर्च सरकारच्या जनआरोग्य योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे त्या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचार, ऑपरेशनच्या वेळी धावपळ नको. आणि पुढची एकादशी यायच्या आत डाएटिशियनकडून लिहून घे, वरीचा भात किती चालेल ते, म्हणजे आईला पण त्या दिवशी बाबांसाठी काहीतरी शिजवता येईल.

तुझी मावशी