आधी मिलिंग मशीन, मग टेक्निकल डायरेक्टर

अरे मित्रा, एफ-वनचा टेक्निकल डायरेक्टर, म्हणजे टीमच्या गाडीच्या तांत्रिक कामाचा प्रमुख, व्हायचंय ना? मग आधी रॉस ब्रॉनकडे बघ. सत्तरच्या दशकात हा माणूस रेसिंग कार बनवणाऱ्या मार्च कंपनीत मिलिंग मशीन (धातू कापून भाग बनवणारं यंत्र) चालवत होता. मग विल्यम्स टीम, मग त्याने डिझाइन केलेली १९९१ ची रेसिंग कार जॅग्वार एक्सजेआर-१४, मग बेनेटन आणि फेरारी या एफ-वन टीम. १९९८ मध्ये हंगेरीत प्रतिस्पर्धी मॅक्लॅरेन टीमच्या दोन गाड्या पुढे असताना त्याने फेरारीच्या शूमाकरला दोनऐवजी तीन पिट स्टॉपवर नेलं. तेव्हा पिट स्टॉपला, म्हणजे शर्यतीत मध्येच थांबून, इंधन भरता यायचं; जास्त वेळा थांबलं की टाकीत इंधन कमी, गाडी हलकी. वर सांगितलं, १९ लॅपमध्ये २५ सेकंद काढ. पठ्ठ्याने काढले आणि शर्यत मारली!

असं डोकं हात काळे केल्यावरच चालतं, हे माझं मत. (एफ-वन गाड्यांचा डिझायनर ॲड्रियन न्यूई एरोनॉटिक्स, म्हणजे विमानशास्त्र, शिकून आला, त्यामुळे दुसरा रस्ताही आहेच.)

कॉलेजात असशील तर फॉर्म्युला भारतच्या (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग कारची स्पर्धा) टीममध्ये घुस. सीएफडीची, म्हणजे गाडीवरून हवा कशी वाहते त्याच्या कॉम्प्युटर गणिताची, रंगीत चित्रं नंतर. आम्ही कोइम्बतूरला ब्रेक टेस्टमध्ये आपटलो. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक (जाम) व्हायला हवीत, आमचं मागचं उजवं आपलं फिरतंच. ब्रेकच्या लाइनमध्ये हवा अडकलेली. ब्लीडिंग, म्हणजे ती हवा बाहेर काढणं, मीच केलेलं, रात्री दोनला, पेंगत. कुठलं चाक राहिलं ते टिपलंच नव्हतं. तेव्हापासून वही खिशात असते, ग्रीसचे डाग पडलेली.

टीममध्ये जागा नाही म्हणाले, तर ब्रेकचं काम माग. ते कोणालाच नको असतं.