तेलुगूत ‘माझं घर’, ‘माझ्याकडे पैसे आहेत’ कसं म्हणायचं?

नोकरीनिमित्त हैदराबादला निघालाय आणि ‘माझं-तुझं’ आधी शिकायचंय म्हणताय, तर पहिली आनंदाची बातमी: चा-ची-चे विसरा. माझी पिशवी, माझं घर, माझे पैसे, सगळ्याला एकच ‘ना’. ना संचि, ना इल्लु, ना डब्बु. रामूचं घर म्हणजे नुसतं ‘रामु इल्लु’. पुस्तकात मध्ये ‘योक्क’ दिसेल, पण भाजी घेताना तो वापरलात तर बातम्या वाचताय असं वाटेल. काही शब्दांचं आपल्यासारखं सामान्यरूप होतं, इल्लुचं इंटि, कन्नुचं (डोळा) कंटि. आडनावाला ‘इंटि पेरु’ म्हणतात, म्हणजे घराचं नाव.

‘माझ्याकडे पैसे आहेत’ला हिंदीतून जाऊ नका, मराठीतूनच जा. ‘ना दग्गर डब्बु उंदि’, माझ्याजवळ पैसे आहेत. नसले तर ‘लेदु’. नातेवाईक मात्र ‘जवळ’ नसतात, ते ‘मला’ असतात: ‘नाकु इद्दरु अन्नलु उन्नारु’, मला दोन मोठे भाऊ आहेत. हुबेहूब आपलं!

खरी गंमत ‘मा’ आणि ‘मन’ची (शेवटचा न पूर्ण म्हणा). मा म्हणजे आमचं, मन म्हणजे आपलं, ऐकणाऱ्यालाही धरून. हिंदीवाले इथे अडखळतात, आपल्याला हा भेद जन्मापासून येतो. तरी मी आपटलो. घरच्या माणसांना तेलुगूत ‘ना’पेक्षा ‘मा’च शोभतं: मा अम्मा, मा नान्न (वडील), बायको म्हणजे ‘मा आविड’. मी ‘आपली बायको गावाला गेलीय’ या मराठी थाटात चहाच्या टपरीवर ऐटीत ‘मन आविड’ म्हणालो. टपरीवाल्याच्या हातातली गाळणी थांबली. ‘मनदा?’ त्याने शांतपणे विचारलं. आपली? बाकीचे हसून हसून लोळले. पुढे कितीतरी दिवस मला रोज तिची खुशाली विचारली जायची.

त्याच टपरीवर पहिल्या दिवशी विचारलेलं, ‘मीदि ए ऊरु?’ तुमचं गाव कोणतं? उत्तर द्यायचं ‘मादि सोलापूर’. एकटे असलात तरी ‘नादि’ नको, गाव ‘आमचं’च असतं.