दिवा लावण्याआधी विचारा : शाळेतलं तंत्रज्ञान, वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. आमच्या वर्गात स्मार्ट बोर्ड बसवला आहे, त्यात प्रत्येक धड्याचे ॲनिमेशनचे व्हिडिओ आहेत. व्हिडिओ लावला की मुलं गुंगून बघतात. 'कळलं का?' विचारलं की एका सुरात 'हो' येतं. चाचणीत मात्र चुका त्याच. विद्युत परिपथाचा धडा तर दोनदा दाखवला. माझं काय राहून जातंय?
(एक विज्ञान शिक्षिका)

उत्तर : व्हिडिओ सुरू करण्याआधी मुलांच्या डोक्यात काय आहे ते बाहेर काढायचं राहतंय. परिपथाचंच घेऊ. बहुतेक मुलांची मनातून समजूत असते की सेलमधून वीज निघते, दिव्यात थोडी खर्च होते आणि उरलेली परत सेलकडे जाते. कुणी शिकवलेली नसते, पण पक्की असते. व्हिडिओत दिसलेलं सगळं ती मुलं याच समजुतीत बसवून घेतात. त्यामुळे 'कळलं' म्हणतात तेव्हा ती खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच कळल्यासारखं वाटत असतं.

पुढच्या वेळी असं करून पाहा. फळ्यावर एक सेल आणि एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक, दोन सारखे दिवे काढा. विचारा : पहिला जास्त उजळेल, दुसरा, की दोन्ही सारखेच? हात वर करायला लावू नका, कारण वर्गातल्या हुशार मुलीचा हात कधी वर जातो हे बघूनच बाकीचे हात हलतात. प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचं, खाली एका ओळीत कारण. मग शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवून द्यायचं आणि पुन्हा एकदा उत्तर लिहायचं. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1990च्या दशकात ही पद्धत महाविद्यालयीन वर्गांत रुजवली. शाळेतही ती उत्तम चालते, फक्त शेजाऱ्याशी बोलायची वेळ आवरती ठेवावी लागते.

आता बोर्डाकडे या, पण व्हिडिओ लावू नका. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातलं परिपथ जोडण्याचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर स्वतः करून पाहायचा प्रयोग, उघडा. हा प्रकल्प नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002मध्ये सुरू केला. सिम्युलेशनं मोफत आहेत, मराठीतही मिळतात आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. एका मुलाला बोलवा, त्याच्या हाताने दोन दिवे जोडू द्या. दोन्ही सारखेच उजळतात. ॲमीटर (विद्युतधारा मोजणारं साधन) दिव्याच्या अलीकडे लावा, मग पलीकडे लावा, आकडा तोच येतो. ज्यांनी 'पहिला' लिहिलं होतं त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसतं, ते नुसता व्हिडिओ बघून कधी दिसत नाही. आपण लिहून ठेवलेलं चुकलं की माणूस कारण शोधायला लागतो.

एवढ्यावर थांबू नका. खरे सेल, तारा आणि दिवे हातात द्या. इथे गंमत होते. दिसायला एकसारखे दोन दिवे प्रत्यक्षात तंतोतंत सारखे नसतात, एक किंचित जास्त उजळतो. लगेच कुणीतरी म्हणतं, 'बाई, बघा, पहिलाच जास्त पेटतोय!' त्याला गप्प करू नका. दिव्यांची अदलाबदल करायला सांगा. आधी जास्त उजळणारा दिवा आता दुसऱ्या जागेवर आहे आणि तरी तोच जास्त उजळतोय. फरक दिव्यात आहे, जागेत नाही, हे त्यालाच बोलून दाखवू द्या. पडद्यावरचे दिवे आदर्श असतात, म्हणून हा शोध पडद्यावर लागत नाही. आणि पडद्यावर तारेतून धावणारे टपोरे इलेक्ट्रॉन दिसतात ते केवळ समजण्यापुरते, हेही मुलांना सांगून टाका. नाहीतर एक समजूत काढताना दुसरी घालून बसू.

व्हिडिओ वाईट नाहीत. हृदयाच्या झडपा उघडतात-मिटतात कशा, हे फळ्यावर दाखवता येत नाही. पण दोन-तीन मिनिटांचा तुकडा दाखवायचा, थांबवायचा, 'आता रक्त कुठे जाईल?' विचारायचं आणि मग पुढचा लावायचा. निवेदकाचा आवाज बंद करून मुलांनाच वर्णन करायला लावलं तर कुणाला काय दिसतंय ते तिथल्या तिथे कळतं.

प्रश्न : आमच्या शाळेला देणगी मिळाली आहे. संस्थेचा आग्रह आहे की प्रत्येक विद्यार्थ्याला टॅबलेट द्यावा. तुमचं मत काय?
(एक मुख्याध्यापक)

उत्तर : सर, माझं मत स्पष्ट आहे : आत्ता नको. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही कल्पना 2005मध्ये जगभर गाजली. पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांची नीट तुलना करून 2012मध्ये निष्कर्ष आले : मुलांचा संगणकाशी संबंध भरपूर वाढला, गणितात आणि भाषेत मात्र प्रगती दिसली नाही. यंत्र आलं, पण तासाला काय शिकवायचं आणि कसं, हे होतं तसंच राहिलं.

दुसरी बाजूही सांगते, कारण ती तितकीच खरी आहे. दिल्लीत माध्यमिकच्या मुलांसाठी शाळा सुटल्यानंतरची केंद्रं होती. तिथे माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचे प्रश्न देत असे आणि जोडीला छोट्या गटात शिकवणारी माणसंही होती. सोडत काढून काही मुलांना प्रवेश दिला, काहींना नाही, आणि दोन्ही गटांची तुलना केली. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत स्पष्ट फरक पडला. 2019मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की सहावीत बसलेली मुलं गणितात सरासरी दोन-अडीच इयत्ता मागे होती. सहावीचा धडा त्यांच्या डोक्यावरून जात होता. सॉफ्टवेअरने त्यांना सहावीचा धडा आणखी रंगीत करून दाखवला नाही, ती जिथे अडकली होती तिथून सुरुवात करून दिली.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी तुमच्या शिक्षकांना एकच विचारा : आपली मुलं नेमकी कुठे अडकतात? भागाकारात? वाचनात? उत्तर हाती आलं की काय घ्यायचं ते आपोआप ठरत जाईल. मी तुमच्या जागी असते तर आधी चांगला प्रोजेक्टर आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू येईल असा स्पीकर घेतला असता (स्पीकर सगळे विसरतात), वीज गेली तरी तास चालेल एवढी सोय केली असती, आणि आळीपाळीने सगळ्या वर्गांना वापरता येईल असा टॅबलेटचा एकच संच घेतला असता. इंटरनेट बेभरवशाचं असेल तर 'कोलिब्री' हे मोफत सॉफ्टवेअर एका संगणकावर बसवून घ्या. धडे आणि सराव त्यात साठवता येतात आणि बाकीची यंत्रं शाळेतल्या शाळेत त्याला जोडता येतात.

आणि आजच नावानिशी ठरवा : रात्री चार्जिंगला कोण लावणार, सकाळी मोजून कोण घेणार, पिन तुटली तर कुणाकडे द्यायचं. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं पासवर्ड आठवण्यात गेली की शिक्षक पुन्हा त्या कपाटाकडे फिरकत नाही. देणगीचा एक भाग दुरुस्तीसाठी आणि एक भाग शिक्षकांनी एकत्र बसून तास आखण्यासाठी बाजूला काढा. दुसऱ्या भागावर संस्था कदाचित नाक मुरडेल. तिथे माघार घेऊ नका.

प्रश्न : मुलांकडे काहीच यंत्रं नाहीत, माझ्याकडे फक्त माझा फोन. साठ मुलांच्या वर्गात याचा काय उपयोग?
(गणित शिक्षक)

उत्तर : खूप उपयोग आहे. 'प्लिकर्स' हे फोनवरचं ॲप आहे, त्याची कागदी कार्डं छापून घ्या. प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळं, त्यावर चौकोनी खूण. कार्ड कोणती बाजू वर करून धरलं यावर उत्तर अ, ब, क की ड ते ठरतं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कुणी काय उत्तर दिलं ते लगेच दिसतं. खुणा इतक्या वेगळ्या असतात की शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवणं अवघड जातं. मोठा वर्ग आधी गटांत बसवलात तर सोपं जाईल.

खरी मेहनत पर्याय लिहिण्यात आहे. '0.35 आणि 0.8 यांत मोठी संख्या कोणती?' असं विचारलं आणि निम्म्या वर्गाने 0.35 म्हटलं, तर ती मुलं दशांश चिन्हापुढचे अंक पूर्णांकासारखे वाचताहेत : पस्तीस मोठे, आठ लहान. पण दुसराही एक गट असतो. त्याला वाटतं की जितके अंक कमी तितकी संख्या मोठी. तो या प्रश्नात बरोबर उत्तर देऊन निसटतो, म्हणून लगेच 0.3 आणि 0.47 विचारा, तिथे तो सापडेल. अपूर्णांकांची बेरीज विचारताना 1/3 + 1/4 ला 2/7 हा पर्याय ठेवलाच पाहिजे, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुलं नेमकी तोच निवडतात. कोणत्या चुकीसाठी कोणता पर्याय हे ठरवून लिहिलं की फोन तुम्हाला गुण सांगत नाही, उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते सांगतो. तंत्रज्ञानाकडून मला सर्वांत जास्त हवं असतं ते हेच.

प्रश्न : मी नववीत आहे. युट्यूबवर धडे दुप्पट वेगाने बघतो, सगळं समजतं, पण परीक्षेत आठवत नाही. वेग कमी करू का?
(एक विद्यार्थी)

उत्तर : बाळा, दोष वेगाचा कमी आणि नुसतं बघत राहण्याचा जास्त आहे. गणितातली सिद्धता मात्र दुप्पट वेगाने बघू नकोस, तिथे प्रत्येक पायरीला थांबावं लागतं.

2006मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझं तेच होतंय. व्हिडिओ संपल्या संपल्या सगळं येतं असं वाटतं आणि तू निर्धास्त होतोस.

व्हिडिओ संपला की फोन पालथा ठेव. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, आकृतीसकट. अडलास की लगेच बघू नकोस, थोडा वेळ डोकं खाजव. मग व्हिडिओचा फक्त तेवढाच भाग पुन्हा बघ. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद घे. व्याख्या आणि सूत्रांसाठी प्रश्न-उत्तरांच्या कार्डांवर सराव करून घेणारं 'आंकी' हे ॲप वापरू शकतोस, पण त्यातली कार्डं दुसऱ्याची उतरवून घेऊ नकोस, स्वतः बनव.

प्रश्न : मुलांचे निबंध आता चॅटजीपीटीकडून लिहून येतात. पकडायचं कसं?
(मराठीच्या शिक्षिका)

उत्तर : पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच असं एक साधन काढलं होतं, अचूकता कमी म्हणून जुलै 2023मध्ये बंद केलं. खोटा आळ आलेलं मूल तुमच्याशी पुन्हा मोकळेपणाने बोलत नाही. निबंधाचा पहिला खर्डा वर्गात, हाताने लिहून घ्या. घरी सुधारू द्या. आणल्यावर दोन मिनिटं समोर बसवून विचारा, 'हा शब्द का बदललास?'

प्रश्न : माझ्या वर्गात एक अंध विद्यार्थिनी आली आहे. तिला लॅपटॉप मिळाला आहे, पण आमच्या नोट्स तो वाचतच नाही, नुसतं काहीतरी बरळतो. काय करू?
(सहावीच्या वर्गशिक्षिका)

उत्तर : लॅपटॉप ठीक असणार, घोळ फॉन्टचा आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आपल्याला मराठी दिसतं, पण संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. पडदा वाचणारं सॉफ्टवेअर तीच बोलून दाखवतं. तपासायचं असेल तर नोट्समधली एक ओळ कॉपी करून फोनवरच्या संदेशात चिकटवा. तिथे मराठी उमटली तर ते युनिकोड आहे, म्हणजे संगणकालाही मराठी म्हणूनच कळणारी अक्षरं, भलतीसलती अक्षरं उमटली तर जुना फॉन्ट. स्कॅन केलेली पानंही चालत नाहीत, ती नुसती चित्रं असतात.

तिच्या लॅपटॉपवर 'एनव्हीडीए' हे पडदा वाचणारं मोफत सॉफ्टवेअर नसेल तर बसवून घ्या. त्यासोबत येणारा मराठी आवाज जरा यांत्रिक आहे, पण सवय झाली की मुलं तो अशा वेगाने ऐकतात की आपल्याला शब्द कळत नाहीत. नवीन नोट्स युनिकोडमध्येच टाइप करा, फोनवर बोलून टाइप केलं तरी चालेल. आकृतीखाली दोन-तीन वाक्यांत वर्णन लिहा. भूमितीची आकृती पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून बोटांना कळेल अशी करून द्या, इथे कुठलंच ॲप त्याची बरोबरी करत नाही.

वर्गात बोलण्याची एक सवय बदला. 'इथून इथपर्यंत रेघ' तिच्यापर्यंत पोचत नाही, 'बिंदू क पासून बिंदू ख पर्यंत' पोचतं. मागच्या बाकावर बसणाऱ्यांनाही त्याचा फायदा होतो. तिला काय हवंय ते तिलाच विचारा, सहावीतली मुलगी ते नीट सांगू शकते.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांखालून घाला, गडबड बहुतेक तिथेच होते. 'वर्ग'मधला रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसलेला असतो, आणि तिला तो तसाच ऐकू येतो.