विमानवाहू जहाज एका क्षेपणास्त्राने बुडत नाही का, आणि विक्रांतवर राफेलच का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. २६२ मीटर लांबीचे विक्रांत समुद्रात उघडे असताना शत्रू ते एका क्षेपणास्त्राने का बुडवू शकत नाही, ही पहिली. आणि आपले तेजस असताना त्यासाठी फ्रान्सचे राफेल का घेतले, ही दुसरी. मी नौदलात पंधरा वर्षे विमान हाताळणीच्या शाखेत होतो, त्यातली काही वर्षे विराट या विमानवाहू जहाजावर गेली, आणि आता यवतमाळ जिल्ह्यात घरची कापूस-तुरीची शेती पाहतो. मी वैमानिक नव्हतो. विमान ओढणारा, ढकलणारा आणि साखळ्यांनी डेकला बांधणारा माणूस होतो, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे. माझ्या मते आपले दोन्ही प्रश्न एकच आहेत, कारण जहाजाचा बचाव किती पक्का आहे हे त्याच्या डेकवरून कोणते विमान उडू शकते यावर बरेचसे ठरते.

नौदलात लागल्यावर पहिल्या सुटीत घरी आलो, तेव्हा मोठ्या बाबांनी हाच प्रश्न विचारला होता: "येवढं मोठं जहाज लपोता कुठी रे बाप्पा?" तेव्हा मी हसलो होतो, पण प्रश्न बरोबर होता. जहाज लपत नाही, ते सरकत राहते. विक्रांतचा वेग २८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५२ किलोमीटर आहे. उपग्रहाने जहाज पाहिले, ती खबर क्षेपणास्त्राच्या तळावर गेली, हुकूम सुटला आणि क्षेपणास्त्र येऊन पोहोचले, या सगळ्यात अर्धा तास गेला असे धरले, तर तेवढ्या वेळात जहाज कोणत्याही दिशेला २६ किलोमीटर गेलेले असू शकते. त्या वर्तुळाचे क्षेत्र २,१०० चौरस किलोमीटरच्या वर भरते. आमच्याकडचे दोन तालुके त्यात सहज मावतील. चीनने डीएफ-२१डी आणि डीएफ-२६ ही क्षेपणास्त्रे मोठ्या जहाजांना डोळ्यांपुढे ठेवूनच केली आहेत आणि त्यांचा पल्ला हजारो किलोमीटरच्या घरात जातो, परंतु पल्ला असणे वेगळे आणि हलत्या जहाजाचा ताजा पत्ता शेवटच्या क्षणापर्यंत हाती असणे वेगळे. म्हणून विमानवाहू ताफ्याची निम्मी लढाई हा पत्ता शत्रूला न कळू देण्याची असते.

याचे आपल्याच घरातले उदाहरण १९७१ चे आहे. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी याच नावाच्या आपल्या जुन्या विमानवाहू जहाजाच्या, विक्रांतच्या, शोधात बंगालच्या उपसागरात आली होती. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, त्यामुळे पूर्ण वेगही मिळत नव्हता. नौदलाने विक्रांत अंदमानाकडे नेले आणि विशाखापट्टणमजवळ राजपूत या जुन्या विनाशिकेवरून मुद्दाम भरपूर बिनतारी संदेश सोडून मोठे जहाज तिथेच असल्याचा भास निर्माण केला. गाझी ३ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली, आणि विक्रांतची सी हॉक विमाने पुढे चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले करीत राहिली.

पत्ता लागलाच, तर पुढे काय? इथे उंचीचा मुद्दा येतो, आणि तो मला नौदलात जेवढा कळला त्याहून अधिक शेतात कळला. आमच्याकडे तुरीत रानडुकरे शिरतात म्हणून रात्री जागलीला जावे लागते. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला पऱ्हाटीपलीकडचे, म्हणजे कपाशीपलीकडचे, काही दिसत नाही, आणि जनावर अगदी जवळ आले की खसपस होते तेव्हाच कळते. मचाणावर बसलेल्याला मात्र ते नाल्यातून वर चढतानाच दिसते आणि हाकारे द्यायला वेळ मिळतो. जहाजविरोधी क्षेपणास्त्र लाटांच्या वर पाच-दहा मीटरवरून येते. जहाजाच्या डोलकाठीवर ३० मीटर उंचीवर रडार असेल, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे पाच मीटरवरून येणारे क्षेपणास्त्र त्याला सुमारे ३२ किलोमीटरवर आल्याशिवाय दिसूच शकत नाही, रडार कितीही भारी असो. ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या क्षेपणास्त्राला हे अंतर कापायला दोन मिनिटांच्या आत-बाहेर लागतात. ब्राह्मोससारखे ध्वनीच्या पावणेतीन पटींहून वेगवान असेल, तर अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात ते ओळखायचे, ते पाडणारे बराक क्षेपणास्त्र सोडायचे, फसवे चमकते तुकडे हवेत उधळायचे आणि तरीही वाचले तर सहा नळ्यांच्या एके-६३० तोफांनी ते शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत तोडायचे. हे सगळे विक्रांतवर आणि तिच्याभोवतीच्या कोलकाता व विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांवर आहे आणि चांगले आहे, परंतु हा सगळा बांधावरून केलेला बचाव झाला.

तेच रडार ३,००० मीटर उंचीवर नेले, तर त्याचे क्षितिज २३० किलोमीटरच्या पुढे जाते. लक्ष्य लहान असल्याने क्षेपणास्त्र प्रत्यक्षात त्याहून बरेच जवळ आल्यावर दिसते हे खरे, पण ते सोडणारे विमान तरी आधी दिसते, आणि बाण अडवण्यापेक्षा तिरंदाज अडवणे केव्हाही सोपे.

हा धडा इंग्रजांनी १९८२ मध्ये रक्त सांडून घेतला, आणि तो ज्या जहाजाच्या भोवती घडला त्याच जहाजावर मी पुढे काम केले. विराट म्हणजे पूर्वीचे हर्मिस. फॉकलंडच्या युद्धात ते ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख जहाज होते आणि १९८७ मध्ये ते आपल्याकडे आले. त्या युद्धात ब्रिटिशांकडे आकाशात वर बसून पाहणारे एकही विमान नव्हते. ४ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाची सुपर एतांदार विमाने समुद्राला चिकटून आली आणि त्यांच्या एक्झोसेट क्षेपणास्त्राने शेफील्ड ही विनाशिका जाळली. २५ मे रोजी अटलांटिक कन्व्हेयर हे मालवाहू जहाज तसेच गेले आणि त्याबरोबर आतली हेलिकॉप्टरेही गेली. त्यानंतर घाईघाईने सी किंग हेलिकॉप्टरला बाजूने रडार लावून 'मचाण' तयार केले, पण ते पोहोचेपर्यंत युद्ध संपले होते. त्याच युद्धातली दुसरी बाजू लोक विसरतात: ब्रिटिश पाणबुडीने २ मे रोजी जनरल बेलग्रानो बुडवल्यावर अर्जेंटिनाचे विमानवाहू जहाज बंदराकडे परतले आणि पुन्हा लढाईत आलेच नाही. मला विचाराल तर आजही विमानवाहू जहाजाने क्षेपणास्त्रापेक्षा पाणबुडीलाच जास्त भ्यावे. क्षेपणास्त्र डेक जाळते. टॉर्पेडो तळाखाली फुटून जहाजाचा कणाच मोडतो. त्यासाठीच विक्रांतवर आता पाणबुडी शोधणारी एमएच-६०आर हेलिकॉप्टरे दिली आहेत.

एका मारात बुडण्याबद्दल एवढेच सांगतो, की अमेरिकेने २००५ मध्ये आपले निवृत्त झालेले 'अमेरिका' हे विमानवाहू जहाज चाचणीसाठी स्वतःच बुडवले, तेव्हा त्याला सुमारे चार आठवडे स्फोट सोसवले आणि मग ते तळाला गेले. मात्र बुडणे आणि निकामी होणे यात फरक आहे. १९६७ मध्ये फॉरेस्टल जहाजावर स्वतःच्याच एका विमानाचे रॉकेट चुकून सुटले, आग इंधनापर्यंत आणि बॉम्बपर्यंत गेली आणि १३४ माणसे मेली. जहाज तरंगत राहिले, पण लढाईला मुकले.

आता विमानांकडे येतो. जहाजावरून विमान उडवण्याच्या आज तीन रीती आहेत. ब्रिटिशांचे क्वीन एलिझाबेथ एफ-३५बी वापरते, ते थोडे धावून उडते आणि हेलिकॉप्टरसारखे सरळ खाली उतरते. आमच्या विराटवर सी हॅरियर विमानाचे असेच होते: ते जहाजाच्या डाव्या अंगाला हवेत थांबे, मग हळूच आडवे सरकून डेकवर बसे, आणि त्या वेळी इंजिनाची जी धग तोंडावर येई तिच्यापुढे आमचा मे महिना काहीच नाही. दुसरी रीत कॅटापल्टची, म्हणजे वाफेच्या किंवा विजेच्या जोराने विमान दोन-तीन सेकंदांत फेकून देण्याची. विक्रांत आणि आपले दुसरे विमानवाहू जहाज विक्रमादित्य यांची रीत तिसरी आहे: पुढे १४ अंशांचा वर उचललेला उतार, विमान स्वतःच्या इंजिनावर धावत जाऊन त्यावरून उडते, आणि परतताना शेपटीखालचा हूक डेकवरच्या तारेत अडकवून थांबते.

या उतारात यंत्र काही नाही, बिघडण्यासारखे काही नाही, आणि तो स्वस्तही आहे. पण विमानाच्या इंजिनात जेवढा दम, तेवढेच वजन त्यावरून वर जाते. त्यामुळे पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रे एकत्र नेताना हात आखडता घ्यावा लागतो, आणि हॉकआय हे २६ टनांचे, दोन पंख्यांचे, तासन्‌तास वर राहणारे रडारविमान तर त्यावरून उडवतच नाहीत. म्हणून आपले मचाण म्हणजे कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर, जे अडीच तासांच्या आसपास वर राहते. फ्रान्सचे चार्ल्स द गॉल पाहा. ते २६१ मीटर लांब आणि सुमारे ४२,५०० टनांचे, म्हणजे आपल्या विक्रांतच्याच अंगलोटाचे आहे. तरी त्यावरून हॉकआय उडते, कारण त्याच्या अणुभट्ट्यांतून कॅटापल्टला वाफ मिळते. विक्रांतला गॅस टर्बाइन आहेत, तिथे वाफ आणायची कुठून? चीनची पहिली दोन जहाजे आपल्यासारखीच उताराची होती, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये सेवेत आलेले फूजियान विजेच्या कॅटापल्टचे आहे आणि त्यावरून केजे-६०० हे रडारविमान उडाले आहे. जे-३५ या नव्या लढाऊ विमानाची चर्चा आपल्या वाहिन्यांवर फार झाली; मला केजे-६०० ची बातमी मोठी वाटली.

तेजसच्या बाबतीत आपला गैरसमज आहे, म्हणून थोडे थांबतो. नौदलाचे तेजस जानेवारी २०२० मध्ये विक्रमादित्यवर तार पकडून उतरले आणि उतारावरून उडाले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रांतवरही उतरले. ते जमले नाही असे नाही. पण एका इंजिनाच्या विमानाला तारेचा झटका सोसणारे जाड पाय आणि हूक लावले की त्याचेच वजन वाढते, आणि मग उतारावरून इंधन-शस्त्रे घेऊन जाण्याइतका दम उरत नाही. दोन इंजिनांच्या देशी विमानाचे काम त्यासाठीच चालू आहे. दरम्यान आपल्या जहाजांवरच्या मिग-२९के या रशियन लढाऊ विमानांची अवस्था अशी, की महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात त्यांची सज्जता १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान नोंदलेली होती. दहा बैलांपैकी नांगराला तीनच उभे राहत असतील, तर शेतकरी बाजारात जाणारच. राफेलच्या नौदल आवृत्तीने जानेवारी २०२२ मध्ये गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या उतारावरून उडून दाखवले आणि २८ एप्रिल २०२५ रोजी २६ विमानांचा करार झाला, सुमारे ६३,००० कोटी रुपयांचा. त्यात २२ एकआसनी आहेत. चार दोनआसनी फक्त प्रशिक्षणाची आहेत, ती जहाजावर उतरणार नाहीत.

माझ्यासारख्याला राफेलची एकच गोष्ट खुपते: त्याचे पंख दुमडत नाहीत. मिगचे दुमडतात. डेकवर वीतभर जागेचा हिशेब असतो, आणि हलत्या जहाजावर विमान ओढणे हे बैलगाडी वळवण्यासारखे नाही. २८ एप्रिल २०२५ रोजीच अमेरिकेच्या ट्रूमन जहाजावरून सुपर हॉर्नेट हे लढाऊ विमान ओढत असताना ते ट्रॅक्टरसकट समुद्रात गेले. विराटवर उड्डाणांपूर्वी आम्ही सगळे डेकच्या एका टोकाला ओळीने उभे राहून, माना खाली घालून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जात असू, अगदी बाया वेचणीला पऱ्हाटीतून निघतात तशा. एकदा पाऊस पडून गेल्यावर साखळी अडकवायच्या खोबणीतल्या पाण्यात मला नखाएवढा एक स्क्रू सापडला. तो हॅरियरच्या इंजिनात गेला असता तर ते विमान गेले असते. चीफने तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि पुन्हा सगळ्यांना पहिल्या टोकापासून चालायला लावले.

तिसऱ्या विमानवाहू जहाजाची चर्चा चालू आहे. त्यात लोक टनांचे आकडे विचारतात. ते विक्रांतसारखेच पुन्हा बांधायचे असेल तर काम लवकर होईल, कारण कोचीच्या गोदीला ते येते आणि लागणारे खास पोलादही आता भिलाईसारख्या आपल्याच कारखान्यांत होते. फक्त मग त्याच्याही पुढे उतारच असेल, आणि वर बसून पाहायला पुन्हा हेलिकॉप्टरच.